देवी माझ्या पायांत आली होती

डोळे मिटून सरळ उभं राहता येणं ही काही कोणाची कमाई नसते. शेंबड्या पोरालाही येतं. मला मात्र एका वर्षी ते येईनासं झालं, आणि त्याच वर्षी गावाला माझ्यात देवी दिसली. त्या वेळची माणसं आता बहुतेक गेली. म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत, तेवढ्यात जमेल तसं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. बाजाराला चालत जायचं तर पाऊण तास, भरती असली तर वळसा पडायचा. बाया मिठागरात, पुरुष मिठागरात नाहीतर मचव्यावर, आणि पावसाळ्यात सगळेच भातात. माझा नवरा मचव्यावर होता. मचवा म्हणजे शिडाची मोठी होडी. बंदरातून मीठ, भात, पेंढा भरून मुंबईला न्यायची आणि तिकडून जे मिळेल ते घेऊन यायची.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आसपास माझं लग्न झालं, आणि वर्ष भरायच्या आत एक मोठं वादळ आलं. दिवाळी होऊन गेली होती. नवऱ्याचा मचवा मुंबईहून निघाल्याचा निरोप आला होता, पण मचवा काही आला नाही. सासूने मला घेतलं आणि भर पावसात देवीच्या देवळात गेली. मी तिच्या मागे उभी, अंगावरचं लुगडं निथळतंय. तिने पदर पसरला आणि मोठ्याने बोलली, "आई, माझा पोर जिता घरी येऊ दे. माझी सून जन्मभर वशाट खानार नाय."

वशाट म्हणजे मासळी, मटण, अंडं, सगळं आलं. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

दोन दिवसांनी नवरा आला. डोलकाठी मोडली होती, मचवा कुठल्याशा खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, शिरून बसला होता, बाकी माणसं धडधाकट. सगळ्यांनी देवीला नारळ फोडले. घरी येऊन मी सासूला विचारलं, "आये, नवस बोललात तुमी, मग वशाट मी कशी सोडायची?"

"मी म्हातारी. माझ्या सोडन्याला आईकडे काय किंमत? सोडायचं तर ज्याच्या तोंडाला चव हाय त्यानं सोडावं."

म्हातारी तेव्हा पंचेचाळिशीची असेल. दात सगळे शाबूत होते आणि बोंबलाचं कालवण ताट चाटून खात होती.

मी सोडलं. नवरा परत आला होता आणि मलाही तो हवा होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. अडचण अशी की आमच्याकडे मासळीवाचून खायला दुसरं काही नसायचं. खाऱ्या जमिनीत गवत उगवत नाही, गाईम्हशी कोणाच्या दारात नाहीत, चहासुद्धा कोरा. घरात जवळा, करंदी, निवट्या शिजायच्या आणि माझ्यासाठी बाजूला भात, वाल आणि मिरची. भाकरीचा तवासुद्धा वेगळा. अशी सहा-सात वर्षं गेली. एक मुलगी झाली, एक मुलगा झाला. दोघंही अंगावर पिऊन मोठी झाली.

मग पायांचं सुरू झालं.

आधी मुंग्या यायच्या. बसून उठलं की येतात तशा, पण या जायच्या नाहीत. आम्ही सगळ्या अनवाणी, खाऱ्या पाण्यात पाय टाकून काम करणाऱ्या. तळवे चामड्यासारखे झालेले असतात. त्यामुळे पायाला कमी लागतं याचं मला नवल वाटलं नाही. मग एक दिवस सासू म्हणाली, "जोडवं कुठं टाकलंस?" खाली बघितलं तर एका पायात जोडवं नाही. चांदीचं घट्ट जोडवं बोटातून निघून गेलं आणि मला पत्ता नाही. सासूने दिवसभर तोंड सोडलं. सवाष्णीचं जोडवं हरवलं म्हणजे अपशकुन. मला अपशकुनापेक्षा हे लागलं की निघताना ते कळलं कसं नाही.

मिठागरातलं चालणं कसं असतं ते सांगायला हवं. बांध पाऊलभर रुंद, ओला. दोन्ही बाजूला खारं पाणी. डोक्यावर ओल्या मिठाची पाटी. मान खाली घालता येत नाही, घातली तर पाटी जाते. तेव्हा डोळे समोर ठेवायचे आणि वाट पायांनी बघायची. पाय टेकला की बांध कुठे कललाय, चिखल कुठे बसलाय, कडा किती उरलीय ते पायालाच समजतं आणि पुढचा पाय आपोआप तसा पडतो. लग्न होऊन आले तेव्हा आठवड्यात मला ते यायला लागलं होतं, कारण माझं माहेरही तसंच.

त्या उन्हाळ्यात माझे पाय मला सांगेनासे झाले. खाली बघितलं तर पाय होते, नाही बघितलं तर नव्हते. याहून नीट सांगता येत नाही. राखेच्या ढिगात चालावं तसं वाटायचं. एकदा बांध संपला तरी मला कळलं नाही, आणि मी पाटीसकट कोंडीत, म्हणजे बांधाखालच्या खाऱ्या पाण्यात, पडले.

मुकादम ओरडला, "काय गो, सकालीच ताडी मारलीस काय?"

बाया हसल्या. सासू माझ्या मागेच पाटी घेऊन होती. ती म्हणाली, "ताडी कशाला लागते? हिचं ध्यानच नाय कामात. नवरा मुंबईला, हिचं डोकं मुंबईला."

मी तिसऱ्यांदा पडले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मुकादमाने मला रासेवर बसून मीठ ओढायच्या कामाला लावलं.

घरी वेगळी गंमत. सकाळी मोरीत उभी राहून तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटले, की भिंत माझ्याकडे चालत यायची. दोनदा कपाळ फुटलं. अंधार पडला की मी भिंत धरल्याशिवाय उठत नव्हते. सगळ्यात वाईट म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन उंबरा ओलांडायची भीती वाटायला लागली. त्याला मी मुलीकडे द्यायची, स्वतः उंबरा ओलांडायची आणि मग परत घ्यायची. आपण उद्या खाटेला खिळलो तर ही दोन पोरं कोण बघणार, एवढाच विचार डोक्यात असायचा. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "आळस हाय."

पावसाळा असाच भिंती धरून काढला. नवरात्र आलं.

नवरात्रात संध्याकाळी देवळात सगळा गाव आरतीला. जागा थोडी, बाया एकमेकींना चिकटून उभ्या. मीही पाय जवळ घेऊन उभी राहिले. ढोल वाजायला लागला, आरती झाली, आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मीही मिटले. मिटल्याबरोबर मी डोलायला लागले, पुढे, मागे, बाजूला. शेजारची बाई जरा सरकली आणि मला आणखी जागा मिळाली.

"आली!" कोणीतरी किंचाळलं. "आई आली!"

ढोलवाल्याने ठेका वाढवला. माझ्या कपाळावर मूठभर कुंकू आलं, ते डोळ्यांत जायला लागलं म्हणून मी डोळे आणखी घट्ट मिटले, आणि आणखी डोलले. पडायच्या भीतीने हात हवेत फिरायला लागले. समोर सासू उभी आहे, हे मला तिच्या आवाजावरून समजलं.

"आई, बोल! काय पायजे तुला?"

मी म्हणाले, "मला खाली बसू द्या."

"आई आसन मागते!" सासू ओरडली. "पाट आना, पाट!"

पाट आला. त्यावर नवं खणाचं कापड आलं. मला बसवलं. बसल्यावर डोलणं थांबलं, तर म्हणाले आई शांत झाली. मी डोळे पुसून बघितलं तर गावातल्या म्हाताऱ्या बाया रांगेने माझ्या पाया पडत होत्या. सासू पहिली होती.

त्या रात्री मी सासूला सांगितलं, "आये, माझ्या अंगात कोनी आलेलं नाय. माझ्या पायांत जीव नाय. डोले मिटले की मी पडते."

सासू म्हणाली, "झाडाला कधी कलतं का फूल आलं ते?" झाड म्हणजे जिच्या अंगात येतं ती बाई. खरी झाडं अशीच नाही म्हणतात, असं तिने दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं. माझ्या नाही म्हणण्याने माझा भाव वाढला.

मग मंगळवारी आणि शुक्रवारी लोक यायला लागले. ओटीवर मला उभं करायचे, धूप घालायचे, डोळे मिटायला सांगायचे. मी डोलले की प्रश्न विचारायचे. कोणाची कोंबडी हरवली, कोणाच्या पोरीला स्थळ येत नाही. मी काही सांगायची नाही. "मला माहीत नाय" म्हणायची. त्याचाही ते अर्थ लावायचे. कोंबडी सापडली की नारळ आणायचे, नाही सापडली तर आपलंच काही चुकलं म्हणायचे. या कामात नुकसान म्हणून नसतंच.

खोटं कशाला सांगू, मिठागर सुटलं त्याचं मला बरं वाटलं. सासू मला आधी वाढायला लागली. पण वाढायची काय? नुसता भात आणि गूळ, तोही एक वेळ. देवीचं झाड म्हणून पाळणूक आणखी कडक झाली. ज्या चुलीवर मासळी शिजली त्या चुलीवरचं पाणीही मला चालेना. आणि पाय दिवसेंदिवस जास्तच जात होते. आता हातांची बोटंही बधिर व्हायला लागली. लुगड्याची गाठ बघितल्याशिवाय बसेना. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली होती, भातसुद्धा झोंबायचा. लोक पाया पडत होते आणि मी त्या पायांवर उभी राहू शकत नव्हते.

पनवेलच्या कोळीवाड्यातून एक कोळीण आमच्या गावात मासळी घेऊन यायची. तोंडाची फटकळ. एका शुक्रवारी ती टोपली ओट्याखाली ठेवून लोकांत येऊन बसली. मी उभी होते, डोळे मिटलेले. सासू धुपाटणं फिरवत होती. त्यातला एक निखारा पडला तो माझ्या पावलावर. मला काहीही कळलं नाही. लोक "आई! आई!" करायला लागले. मला वाटलं आज मी जास्त डोलते आहे.

मग करपल्याचा वास आला. मला वाटलं पापलेट.

"अगो, पाय जलतोय तिचा!" कोळीण ओरडली आणि तिने आपल्या हाताने निखारा उडवला. "कसली आई नि कसलं काय! आमच्या घरात पन आई येते. तिला चटका बसला तर आई शिव्या घालते!"

पण तिचं कोण ऐकतो? पायावर निखारा पडला आणि बाई हलली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतून माणसं आली.

नवरा तेव्हा मुंबईच्या खेपेवर होता. आला तोपर्यंत जखम चिघळली होती. तो कमी बोलणारा माणूस. त्याने जखम बघितली, पिळून पू काढला, आणि मी ओरडत नाही हे बघून थांबला.

"दुखत नाय?"

"नाय."

"डोले मीट," तो म्हणाला. मी मिटले. "आता तुझा पाय कुठे हाय सांग."

मी म्हणाले, जमिनीवर. डोळे उघडले तर पाय त्याने उचलून आपल्या मांडीवर घेतला होता.

त्याने पाय हळूच खाली ठेवला. मग उठून आईला म्हणाला, "उद्या पनवेलला डॉक्टरकडे नेतो हिला."

"आईला दवाखान्यात नेतात काय रं? कोप होईल!"

"माझ्या बायकोला नेतो. आईला यायचं असेल तर तिनं चालत यावं."

दुसऱ्या दिवशी मीठ नेणाऱ्या बैलगाडीत गोणींवर बसून मी निघाले. मागे पाहिलं तर सासूही चढली होती. देवीचा अपमान होऊ नये म्हणून लक्ष ठेवायला आली, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरचा दवाखाना बाजारात होता. डॉक्टर ब्राह्मण, मध्यम वयाचे, जाड चष्म्याचे. त्यांनी जखम धुतली, मग माझे डोळे उघडून पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ जरा जास्तच वेळ पाहिली. मग कापसाचा बोळा पायावर फिरवला, टाचणी टोचली, आणि एक दोन दातांचा लोखंडी चिमटा मेजावर आपटून माझ्या घोट्यावर टेकवला.

"काही लागतं?"

"गुणगुणतंय," मी म्हणाले.

"ते कानाला. पायाला काय लागतं?"

पायाला काहीच लागत नव्हतं. तोच चिमटा त्यांनी हनुवटीला लावला तेव्हा मी दचकले. तिथे भुंगा शिरल्यासारखं झालं.

मग म्हणाले, "उभ्या राहा. पाय जुळवा. हात खाली. घाबरू नका, मी धरतो. आता डोळे मिटा."

मी मिटले आणि डोलायला लागले. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी हात धरले होते. तेवढ्यात धप्प आवाज झाला. सासूने जमिनीवर डोकं टेकलं होतं.

"आली! बगा डॉक्टर, तुमच्या समोर आली! आता तरी हात जोडा!"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, उठा. बाई, तुम्ही डोळे उघडा."

मी उघडले आणि सरळ उभी राहिले.

"मिटा." डोलले. "उघडा." थांबले. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. सासू बघत राहिली.

"मावशी, तुमची आई अशी पापणीसरशी येते-जाते का?"

सासू म्हणाली, "येते तिला वाटेल तशी." पण आवाजात पहिला जोर नव्हता.

मग मला बाकावर निजवलं, डोळ्यांवर टॉवेल टाकला, आणि अंगठा धरून म्हणाले, "मी अंगठा वर करतो किंवा खाली करतो. कुठे गेला ते सांगा." मी ऐकत राहिले. कोणीतरी पाय धरलाय एवढंही धड समजत नव्हतं.

"खाली?" मी अंदाजाने म्हणाले.

"अगो वर! वर!" सासू म्हणाली.

"मावशी, तुम्ही नाही सांगायचं."

"आता?"

"वर."

"मेले, खाली गेला की गो! येवढा मोठा अंगठा, कलत कसा नाय तुला!"

नवरा दारात उभा होता. पहिल्यांदाच हसला. डॉक्टरांनी सासूला शेजारच्या बाकावर निजायला सांगितलं. ती आढेवेढे घेत निजली. तिच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि अंगठा धरला. वर, खाली, वर, वर, खाली. एकही चुकली नाही. पाळण्यातलं पोर खेळवल्यावर व्हावं तशी खूश झाली. मग टॉवेल बाजूला करून उठून बसली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. हे आळस नाही आणि देवीही नाही, हे तिला कोणी सांगून पटलं नसतं. तिच्या अंगठ्याला कळलं आणि माझ्या अंगठ्याला कळलं नाही, हे मात्र तिला पटलं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं. कातडीत आणि सांध्यासांध्यात बारीक तंतू असतात. गळ टाकून बसलेल्याला दोर बघावा लागत नाही, खाली मासा टोचतोय हे हाताला समजतं; तसं पाय कुठे आहे, कसा वाकलाय, जमीन कशी आहे, हे ते तंतू पाठीच्या कण्यातून डोक्याला सारखं कळवत असतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ते बंद पडले की माणूस डोळ्यांनी बघून उभा राहतो. डोळे मिटले की उभं राहायला काही उरत नाही.

"आणि ते बंद का पडले?" नवऱ्याने विचारलं.

"काय खाता बाई तुम्ही?"

मी सांगितलं. दूध, ताक? नाही. अंडं? नाही. मासळी? खाडीकाठी राहून मासळी नाही? मग मी नवसाचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"मी मासळी खात नाही," ते म्हणाले, "पण रोज तांब्याभर ताक पितो. तुम्ही दोन्ही नाही. त्यात दोन पोरं पाजलीत. ज्यावर हे तंतू जगतात ते तुमच्या अंगात उरलेलं नाही. इंजेक्शनं देतो. आणि मासळी, अंडं, कलेजी खायला लागा."

"बरी होईल?" नवरा म्हणाला.

"वेळेवर आणलीत. बरंचसं परत येईल. पण खाणं बदललं नाही तर मात्र चालणं जाईल."

मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच रडेन असं वाटलं, पण रडले नाही. मी आजारी होते. मला साधा आजार होता, त्याला औषध होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, काचेच्या छोट्या बाटलीत. मी वेडी नव्हते, दारुडी नव्हते, देवी नव्हते.

परत येताना सासू गाडीत मागे तोंड करून बसली होती. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "नवस मोडला तर माझ्या पोराला दर्या नेईल."

नवरा म्हणाला, "न्यायचा तर नेईल."

"तू गप. तुला नाय कलत." आणि ती रडायला लागली. तिला मी पहिल्यांदाच रडताना बघत होते. तेव्हा मला समजलं की ही बाई मला छळायला नवस बोलली नव्हती. सात वर्षं ती रोज माझ्या ताटाकडे बघत होती ते यासाठीच, की माझ्या ताटात मासळी नाही म्हणजे तिचा मुलगा पाण्यावर तरला. आता कोणाचं काय वाचवायचं हे तिला ठरवायचं होतं, आणि तिला ठरवता येत नव्हतं.

दोन शुक्रवार तिने काढले. इंजेक्शनं चालू होती, पण ताटात भात आणि गूळच. मी चोरून खाऊ शकले असते. नवरा म्हणालाही, बंदरावर चल, तिथे खा. मी म्हणाले, नाही. मला माझ्या घरात, माझ्या चुलीवर शिजलेलं हवं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी सासूनेच मला देवळात नेलं. माणसं जमली होती. तिने मला देवीसमोर उभं केलं, आपल्या हाताने माझे पाय जुळवले, आणि म्हणाली, "डोले मीट."

मी मिटले. डोलायला लागले. तिने दोन्ही बाजूंना हात धरले, डॉक्टरांनी धरले होते अगदी तसे.

"आई," ती म्हणाली, "झाड वालत चाललंय. त्याला काय पायजे?"

मी माझ्या रोजच्या आवाजात म्हणाले, "मासळी पायजे."

"आनि माझा नवस?"

"नवस तू बोललीस. तू फेड."

सासूला मी तोपर्यंत कधी तू म्हटलं नव्हतं. पुष्कळ वर्षं पोटात होतं ते मी बोलले, एवढंच. मग सासू मोठ्याने म्हणाली, "ऐकलं ना सगल्यांनी? आईच बोलली. आजपासून वशाट मी सोडलं. माझं तोंड, माझा नवस." आणि मला हळूच म्हणाली, "आता उघड डोले."

मी बोलत होते हे तिला माहीत होतं की ती खरंच देवी समजली, ते मी कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः निवट्यांचं कालवण केलं आणि समोर बसून मला खायला लावलं. तिच्या ताटात वाल होते. कोळीण बाहेर टोपली घेऊन उभी होती. म्हणाली, "आई गेली न् गिऱ्हाईक आलं. मला आईपेक्षा गिऱ्हाईक बरं."

गावात काही लोक म्हणाले, वशाट खाल्लं म्हणून देवी रुसून निघून गेली. मी म्हणायची, सुखी राहो ती.

पाय लगेच आले नाहीत. पहिली आली ती वेदना. पावलावरची जखम भरत आलेली, आणि एका सकाळी ती ठणकायला लागली. मी ओरडून नवऱ्याला सांगितलं, "दुखतंय!" शेजारीण धावत आली. मला हसताना बघून परत गेली. मग हळूहळू कोरड्या चिखलाच्या भेगा तळव्याला लागायला लागल्या. एकदा घरात बसलेली असताना पोटरीवर काहीतरी चालतंय असं वाटलं. बघितलं तर मुंगी. खरी मुंगी. मी तिला गुडघ्यापर्यंत जाऊ दिली.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी पाटी घेऊन बांधावरून चालले. पहिल्यासारखी झरझर नाही, पण मान ताठ आणि डोळे समोर. मुकादमाने पुढची पाटी भरायला सांगितली. सगळं परत आलं असं मात्र नाही. अजूनही तोंड धुताना मी एक हात भिंतीला लावते, आणि अंधारात पटकन उठत नाही.

सासूने शब्द पाळला. तिने पुन्हा मासळीला हात लावला नाही. मला आता वेगळीच धास्ती लागली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मावशींना दूध-ताक द्या. नवऱ्याने एक शेळी आणली. आमच्या गावातली ती पहिलीच. गवत नसलेल्या गावात तिला जगवायचं म्हणजे चाऱ्यासाठी रोजची वणवण, आणि सासूला त्या दुधाचा वास आवडायचा नाही.

"हे पन वशाटच हाय," ती म्हणायची. "शेलीच्या अंगातलंच ना?"

"प्या, आये."

आणि महिन्यातून एकदा, आंघोळ झाली की मी तिला ओटीवर निजवायची, तोंडावर तिचाच पदर टाकायची, आणि तिच्या पायाचा अंगठा धरायची. ती गेली त्या वर्षापर्यंत हे चाललं. तेव्हा कान गेले होते, दात गेले होते, माणसं ओळखायला वेळ लागायचा.

"वर की खाली, आये?"

"वर, मेले," पदराखालून आवाज यायचा. "वर. मला सगलं कलतं."